कुपारी

वसईजवळच्या निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल या पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला, असे मानले जाते. बाळाचा बाप आणि त्याच्या बाप्तिस्म्याला उभा राहणारा धर्मपिता एकमेकांना ‘कोम्पाद्रे’ म्हणतात. पुढे त्याचा अर्थ जिवलग मित्र असाही झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, पोर्तुगीज गेले. शब्द मात्र राहिला, एका अख्ख्या समाजाचे नाव होऊन.

या नावात मैत्रीच्या आधी जबाबदारी येते, हे मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्याचे तान्हे बाळ हातावर घ्यायचे, त्याच्या वतीने चारचौघांत शब्द द्यायचा आणि जन्मभर त्या घराशी बांधील राहायचे. फेसबुकवर ५,००० जणांशी मैत्री करता येते आणि त्यासाठी कोणालाच काही शब्द द्यावा लागत नाही. पण रात्री दोन वाजता त्यांतल्या कितींचे दार ठोठावता येईल?

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वर्गमित्राची आई गेल्याची बातमी आली. दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोडी धाडली आणि कामाला लागलो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, तर ओटीवर जेमतेम चार माणसे. त्यांतला एक जण अजून बटणांचा फोन वापरतो; तो ग्रुपवर नाहीच. सकाळपासून तो तिथेच होता. खुर्च्या त्यानेच आणल्या होत्या, आणि मी पोचलो तेव्हा मागल्या दारी बसून चहाचा टोप घासत होता. मित्र माझ्याशी बोलताना मधूनमधून त्याच्याकडे बघत होता, तो आहे ना याची खात्री करत असावा तसा.

दूरदेशी गेलेला मुलगा रोज दिसतो, बोलतो, ही मोबाईलची कृपाच आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पंधरा मिनिटांवर राहणाऱ्यालाही आपण नुसता निरोपच धाडू लागलो, हे वाईट झाले.

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. यंदा जत्रेचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी एका जुन्या मित्राला फोन करा. नालासोपारा स्टेशनाबाहेर त्याची वाट बघत उभे राहा, आणि त्याला बरोबर घेऊनच या.