गोंगाट कोणाला म्हणायचे?

'जॅझ ठीक आहे हो, पण एक्स्ट्रीम मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट!' हा निवाडा आता दौंडलाही ऐकू येतो. देणारे कोण, तर मनमाडच्या नि सोलापूरच्या गाड्यांचा खडखडाट ऐकत ज्यांची हयात गेली ते! कान नाजूक असायला आमची हरकत नाही; न ऐकताच निकाल देण्याला आहे.

गिटारच्या भक्ताने एवढे तरी जाणावे. १९२८ साली जँगो राइनहार्टचा डावा हात भाजला, दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोहोंवर त्याने जॅझच्या गिटारला नवी वाट दिली. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके तुटली, तेव्हा त्याला उभारी दिली ती जँगोच्याच रेकॉर्डने. दुखऱ्या बोटांना सोसावे म्हणून पुढे त्याने तारा सैल केल्या, आणि 'ब्लॅक सॅबथ'चा तो जड खर्ज अधिकच खाली उतरला. आजचे डेथ मेटल त्या खर्जाचेच नातवंड.

गेले काही महिने आम्ही दोन्ही आळीपाळीने ऐकतो आहोत. 'सिनिक'चा १९९३ चा 'फोकस' लावा. गुरगुरणाऱ्या गळ्यामागे जॅझचे कॉर्ड किती मोकळेपणी वावरतात! सबंध अल्बम चाळीस मिनिटांच्या आत आटोपतो. एका विलंबित ख्यालाला तेवढा वेळ आपण कुरकुर न करता देतोच की!