कोटेशनमधले शेवटचे अक्षर

गेल्या रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात असताना दार वाजले. नारपोलीतले एक जुने यंत्रमागधारक आपल्या मुलीला घेऊन आले होते. बँकेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून ‘साहेब’च आहे. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी घातलेले तीन कागद काढले आणि टीपॉयवर पसरले.

“साहेब, तुम्ही आयुष्यभर कोटेशनं बघितलीत. यातलं कुठलं घ्यायचं, तेवढं सांगा.”

कोटेशने कॉम्प्युटरची होती. मुलीने सिव्हिल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला आहे. कल्याणच्या एका आर्किटेक्टकडे दोन वर्षे नकाशे काढून झाल्यावर आता तिला हेच काम घरातून, स्वतःच्या नावाने करायचे आहे. पैसे कुठून उभे केलेत, असे मी विचारले तेव्हा बाप क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सहापैकी दोन माग काढले. भंगारात.”

मी चष्मा लावला आणि जुन्या सवयीने माझी नजर तिन्ही कागदांच्या तळाशी, एकूण रकमेवर गेली. कुठले कोटेशन सर्वांत कमी? बोट त्या कागदावर टेकणार तोच मी हात मागे घेतला. या बोटाने एकदा मोठी चूक केली आहे.

ती गोष्ट १९९३ सालची. मी भिवंडीतल्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. बँकांमध्ये कॉम्प्युटर आणण्याबाबत १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला होता, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवालही आला होता. आमच्या शाखेत मात्र अजून कापडी पुठ्ठ्याची जाडजूड लेजरेच चालत होती. म्हणजे कॉम्प्युटरला मी स्वतः बोटही लावलेले नव्हते. पण कोणी कुठला कॉम्प्युटर घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे होता!

कल्याण नाक्याजवळ राहणारा एक तरुण कर्जासाठी आला. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, हात स्वच्छ. गावात तेव्हा मागांच्या शेड आणि गाळे उभे राहत होते, आणि नकाशे अजून टी-स्क्वेअर घेऊन ट्रेसिंग पेपरवर काढले जात. एक भिंत सहा इंच सरकली की ब्लेडने शाई खरवडायची, नाहीतर सगळा कागद नव्याने काढायचा. हा मुलगा म्हणे, कॉम्प्युटरवर ऑटोकॅड चालवून मी तेच काम एका दिवसात करून देईन. दोन इंजिनीअरांनी त्याला काम देण्याचे कबूलही केले होते.

नियमाप्रमाणे मी तीन कोटेशने मागितली. त्याला हवा होता त्या कॉम्प्युटरच्या पुढे लिहिले होते ‘४८६ डीएक्स’. सर्वांत कमी रकमेच्या कोटेशनवर होते ‘४८६ एसएक्स’. मी म्हणालो, “दोन्ही ४८६च ना? मग जास्तीचे पैसे कशाला? मला वर उत्तर द्यावं लागतं.” तो काहीतरी सांगू पाहत होता. मी ऐकून घेतले नाही. कमी रकमेवर बरोबरची खूण केली.

फरक एका अक्षराचा होता. इंटेलच्या ४८६ डीएक्स या चिपमध्ये अपूर्णांकांची आकडेमोड वेगाने करणारा भाग, म्हणजे मॅथ कोप्रोसेसर, आतच होता. १९९१ साली आलेल्या स्वस्त एसएक्समध्ये तो चालू नव्हता. पत्र टाइप करायला किंवा हिशेब मांडायला त्यावाचून काही अडत नसे. पण नकाशा म्हणजे सगळी अपूर्णांकांचीच आकडेमोड. १९९२ साली आलेल्या ऑटोकॅडच्या बाराव्या आवृत्तीला हा कोप्रोसेसर लागायचाच. कॉम्प्युटर घरी आला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि प्रोग्रॅम काही सुरू होईना.

पुढे कळले ते तर कहरच होते. एसएक्ससाठी वेगळी विकली जाणारी ४८७ नावाची पूरक चिप म्हणजे जवळजवळ अख्खी डीएक्सच असायची. ती बसवली की आधीची चिप नुसती बसून राहायची. म्हणजे जे यंत्र मी महाग म्हणून नाकारले, तेच त्या मुलाला दुसऱ्यांदा पैसे मोजून घ्यायचे होते. ते पैसे त्याने नातेवाइकांकडून व्याजाने उचलले. जमवाजमव होईपर्यंत पाच महिने गेले. कबूल झालेले काम तोवर दुसरीकडे गेले. हप्ते भरण्यासाठी तो रात्रपाळीला मागावर उभा राहू लागला. एकही हप्ता त्याने चुकवला नाही. कर्ज फिटले तेव्हा फाइलवर ‘खाते समाधानकारक’ असा शेरा मारला गेला. तोही मीच मारला.

बँकेचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. तीन कोटेशनांचा नियम लबाडी टाळण्यासाठी असतो आणि तो चांगलाच आहे. पण दोन वस्तू सारख्या असतील तरच त्यांच्या किमतींची तुलना होते, आणि त्या सारख्या आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम नियम करत नाही. ते माणसाला करावे लागते. मी ते केले नाही.

म्हणून परवा मी तिन्ही कागद उलटे ठेवले आणि बापाला विचारले, “तुम्ही माग घेता तेव्हा दुकानदाराला पहिलं काय विचारता?”

“दुकानदाराला कशाला विचारू? आधी आपलं आपल्याला ठरवायला लागतं. कापड कुठलं काढायचं, पन्हा किती.”

“धोतराचं कापड काढायला जेकार्ड लावाल?”

ते हसले. “कोण लावेल, साहेब!”

“मग हेही तसंच.” आणि मुलीकडे वळून विचारले, “तू कापड कुठलं काढणार?”

तिने नीट उत्तर दिले. बहुतेक काम साध्या नकाशांचे: मजल्यांचे आराखडे, छेद, नळ आणि विजेच्या वाहिन्या. महिन्यातून एखाद्या वेळी इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, याचे रंगीत चित्र. एवढे कळल्यावर निम्मा प्रश्न सुटतो, कारण ही दोन कामे कॉम्प्युटरच्या दोन वेगवेगळ्या अवयवांवर पडतात.

साधा नकाशा काढताना प्रोग्रॅमचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. जाहिरातीत कोअरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पण एका मागावर सोळा कारागीर उभे केले म्हणून कापड सोळापट निघत नाही. तिथे पाहायचा तो एका कोअरचा वेग. रंगीत चित्राचे मात्र तुकडे पाडून वाटून देता येतात; तिथे सोळा माग खरोखर सोळा ठिकाणी चालतात, आणि अनेक प्रोग्रॅम ते काम थेट ग्राफिक्स कार्डावरच टाकतात. ज्याला रोज तेच करायचे आहे त्याने कोअर आणि कार्डावर पैसा जरूर घालावा. या मुलीने महिन्यातल्या एका दिवसासाठी उरलेले एकोणतीस दिवस महाग का करावेत? तिला सोळा जीबी मेमरी, फाइली झटकन उघडणारी एसएसडी आणि मध्यम प्रतीचे कार्ड पुरे आहे. पुढे काम वाढले तर मेमरी आणि कार्ड वाढवता येईल अशी पेटी मात्र असावी.

मग मी कोटेशने पुन्हा सुलट केली. एक लॅपटॉपचे होते, खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या, रंगीत दिवे लागणाऱ्या. यंत्र ताकदवान, यात शंका नाही. पण यांच्या घरी खाली माग आणि वर राहायच्या खोल्या. सुताचे बारीक तंतू जिन्यावरून वर येतात, पंख्याच्या पात्यांवर बसतात. लॅपटॉपच्या चिमुकल्या पंख्यात ते अडकले की यंत्र तापते आणि तापले की आपला वेग आपणच कमी करते. मोठ्या पेटीचे झाकण काढून ती ब्रशने साफ तरी करता येते. भिवंडीत यंत्र घेताना हा विचार भिवंडीकरानेच करायचा. तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

सर्वांत कमी रकमेचे कोटेशन मी शेवटी हातात घेतले. प्रोसेसरचे नाव लांबलचक होते आणि शेवटी एक अक्षर होते: ‘एफ’. छातीत जरा धडधडले. मुलीला म्हटले, “या अक्षराचा अर्थ बघ.” तिने मोबाइलवर पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल, तर पडद्यावर चित्र उमटवणारा भाग त्यात वापरता येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच. आणि यादीत कार्ड नव्हते. पैसे भरून, नारळ फोडून, काळ्या पडद्याकडे पाहत बसायची वेळ आली असती. दुकानदाराला फोन केला तर तो सहज म्हणाला, “कार्ड वेगळं घ्यावं लागेल ना, ताई. तुम्ही विचारलं नाही.” त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. १९९३ साली त्या दुकानदारालाही मी विचारले नव्हते.

यंत्राच्या किमतीत न धरले जाणारे खर्चही आम्ही कागदावर मांडले. सर्वांत मोठा खर्च प्रोग्रॅमचा. ऑटोकॅडचा कायमचा परवाना नव्या गिऱ्हाइकाला मिळणे २०१६ साली बंद झाले. आता भाडे भरायचे. विद्यार्थ्यांना तो फुकट मिळतो, पण त्या परवान्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लिब्रेकॅड, फ्रीकॅड असे मोफत प्रोग्रॅम आहेत. गिऱ्हाइकाला चालत असतील तर अवश्य वापरावेत. पुढे रेव्हिट किंवा सॉलिडवर्क्स शिकायचे असेल तर ते विंडोजवरच चालतात, हेही यंत्र घेण्यापूर्वी कळलेले बरे. त्याशिवाय यूपीएस हवा. वीज गेल्यावर दहा मिनिटे मिळाली तरी तीन तासांचे काम वाचते. आणि पडदा चांगला, मोठा घ्यावा. पेटी चारपाच वर्षांत जुनी होते. पडदा त्याहून जास्त टिकतो आणि डोळे तर जन्मभर टिकवायचे असतात.

आजही छोट्या उद्योगाच्या कर्जाला, मुद्रा योजनेतसुद्धा, यंत्राचे कोटेशन जोडावे लागते. माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक प्रोग्रॅमची कंपनी आपल्याला कसे यंत्र लागते याची यादी देते. कमीत कमी काय हवे आणि बरे काय, अशा दोन रकान्यांत. ती यादी कोटेशनला टाचून द्या, आणि टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने बेरीज पाहण्यापूर्वी दोन्ही कागद ओळीला ओळ लावून वाचावेत. दहा मिनिटांचे काम आहे. माझ्या दहा मिनिटांची किंमत एका माणसाने रात्रपाळ्या करून भरली.

उठताना बापाने तिन्ही कोटेशने पुन्हा घडी करून खिशात घातली. नवीन कोटेशन मुलगी स्वतः लिहून देणार आणि दुकानदार त्यावर फक्त भाव घालणार, असे ठरले. दारात चपला घालताना ते म्हणाले, “भंगारवाल्यानं माग किलोवर घेतले, साहेब. कुठल्या कंपनीचे, किती चाललेत, काही विचारलं नाही. काटा लावला आणि पैसे दिले.”

मी काहीच बोललो नाही. भंगारवाल्याला वजनच पाहायचे असते. त्याचा धंदाच तो आहे. पण त्या दोन मागांच्या पैशातून येणाऱ्या यंत्राचा सौदा तरी आपण नुसत्या बेरजेवर करू नये.