'द अमेझिंग रेस': जगभरच्या शर्यतीत कोणतं शहर येणार, हे कशावरून ठरतं?

२००३ साली 'द अमेझिंग रेस' या अमेरिकन टीव्ही शोच्या चौथ्या पर्वात काही परदेशी जोड्या मुंबईच्या धोबीघाटावर कपडे धुताना दिसल्या होत्या. २००७-०८च्या बाराव्या पर्वात हा शो पुन्हा मुंबईत आला. या वेळी स्पर्धकांना सिनेमाची पोस्टर चिकटवायची होती, नाहीतर फुलांचे हार ओवायचे होते.

दोन्ही वेळा मुंबईच का? वेरूळ, नाशिक किंवा कोल्हापूर का नाही? आणि जयपूर मात्र पुन्हा पुन्हा का? पडद्यावर सगळं अचानक घडल्यासारखं दिसतं, पण शहरांची निवड त्याच्या अगदी उलट पद्धतीने होते.

शो नेमका काय आहे?

एलिस डोगॅनिएरी आणि बर्ट्राम व्हॅन मन्स्टर या जोडप्याने तयार केलेला हा शो ५ सप्टेंबर २००१ रोजी 'सीबीएस' वाहिनीवर सुरू झाला. दोघा-दोघांच्या साधारण अकरा जोड्या जगाच्या प्रवासाला निघतात. पुढे कुठे जायचं आणि काय करायचं, हे त्यांना लिफाफ्यातल्या चिठ्ठीतून कळतं. प्रवासाचा एकेक टप्पा संपला की बहुतेक वेळा शेवटी पोहोचणारी जोडी बाद होते. सर्वांत आधी शर्यत पूर्ण करणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर मिळतात. उत्कृष्ट रिॲलिटी स्पर्धेचा एमी पुरस्कार या शोने १० वेळा पटकावला आहे.

स्पर्धकांना पुढचं शहर माहीत नसतं. निर्मात्यांना मात्र त्या शहरातली प्रत्येक गोष्ट आधीपासून माहीत असावी लागते. शहर निवडण्याची सगळी गोष्ट या फरकाभोवती फिरते.

पहिली अट: विमानं

प्रत्येक जोडीबरोबर एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक असतो. त्यामुळे जोडीला विमानात दोन नव्हे, तर चार जागा लागतात, त्याही इकॉनॉमी वर्गात. चार जागा मिळाल्या नाहीत तर ते विमान सोडावं लागतं. अकरा जोड्यांचा हिशेब केला तर ४४ जागा होतात.

एखाद्या शहरात दिवसाला एकच विमान जात असेल, तर सगळे एकत्रच पोहोचतात आणि आधी मिळवलेली आघाडी वाया जाते. दोन विमानांत बारा तासांचं अंतर असेल, तर मागे राहिलेल्यांना आशाच उरत नाही. म्हणून थोड्या-थोड्या अंतराने बरीच विमानं असलेली शहरं या खेळाला सोयीची पडतात.

तरीही अंतर फार वाढलंच, तर त्यावर एक साधा उपाय असतो. पुढची चिठ्ठी सकाळी उघडणाऱ्या एखाद्या किल्ल्यात, बाजारात किंवा दुकानात ठेवायची. रात्री दोनला आलेली जोडी आणि पहाटे पाचला आलेली जोडी, दोघीही मग एकाच दारासमोर वाट बघत उभ्या राहतात.

दुसरी अट: परवानगी

पूर्ण पर्वाचं चित्रीकरण साधारण तीन ते चार आठवड्यांत संपतं. एका शहरात दोन दिवस अडकून पडलं, तर पुढच्या सगळ्या शहरांतल्या तारखा, गाड्या आणि परवानग्या कोलमडतात. त्यामुळे 'नंतर बघू' असं सांगणारं शहर कितीही सुंदर असलं, तरी मागे पडतं.

भारतात परदेशी रिॲलिटी शोच्या चित्रीकरणासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. अशी कामं सोपी व्हावीत म्हणून २०१५ मध्ये फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस सुरू झालं. संरक्षित स्मारकात शूटिंग करायचं असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. रस्ता आणि गर्दी सांभाळायची तर स्थानिक पोलिसांचं सहकार्य हवंच.

ज्या शहराने हे सगळं आधी करून दाखवलेलं असतं, ते पुढच्या वेळी सोपं वाटतं. पहिल्या पर्वात, २००१ मध्येच, ही शर्यत आग्रा, जयपूर आणि बिकानेरला आली होती. त्यानंतर चौदाव्या पर्वात जयपूर पुन्हा दिसलं आणि २०२३ मध्ये पस्तिसाव्या पर्वातही दिसलं. राजवाडे आणि रंग हे त्याचं एक कारण आहेच, पण एकदा तपासलेल्या वाटेने जाण्यात धोका कमी असतो.

तिसरी अट: जगातली परिस्थिती

दहाव्या पर्वात ही शर्यत युक्रेनच्या कीव्हमध्ये गेली होती, एकविसाव्या पर्वात रशियाच्या मॉस्कोमध्ये. २०२२ पासून सुरू असलेल्या युद्धामुळे आज ही दोन्ही शहरं मार्गावर ठेवणं अवघड आहे.

सर्वांत मोठा धक्का दिला कोरोनाने. फेब्रुवारी २०२० मध्ये तेहतिसाव्या पर्वाचे तीनच टप्पे झाले होते, तेव्हा चित्रीकरण थांबवून सगळ्यांना घरी पाठवावं लागलं. ते पुन्हा सुरू झालं थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. चार जोड्या परत येऊ शकल्या नाहीत.

उरलेल्यांसाठी भाड्याने घेतलेलं खास विमान होतं आणि मार्ग होता स्वित्झर्लंड, फ्रान्स, ग्रीस, पोर्तुगाल. चौतिसाव्या पर्वातही खास विमानच होतं. तेव्हा अमेरिका सोडली, तर युरोपबाहेरचा एकच देश मार्गावर होता, जॉर्डन. नेहमीची प्रवासी विमानं परतली पस्तिसाव्या पर्वात आणि त्याच पर्वात थायलंड, व्हिएतनाम आणि भारतही परतले.

म्हणजे 'जगभरची शर्यत' हे नाव तेच राहिलं, पण त्यातलं जग मधल्या काळात आक्रसलं होतं. ज्या देशांत जाणं आणि तिथून वेळेवर बाहेर पडणं खात्रीचं होतं, तेवढेच नकाशावर उरले.

जागा चुकली तर?

२०१३ मध्ये बाविसाव्या पर्वातली एक चिठ्ठी हनोईमध्ये, युद्धात पाडलेल्या अमेरिकन बी-५२ विमानाच्या अवशेषांपाशी ठेवली होती. व्हिएतनामसाठी ते विजयाचं स्मारक, पण ज्यांचे साथीदार त्या युद्धात मारले गेले, त्या अमेरिकन माजी सैनिकांसाठी ती जखम. त्यांच्या संघटनांनी संताप व्यक्त केल्यावर 'सीबीएस'ला पुढच्या भागाच्या सुरुवातीला माफी मागावी लागली. विमान, व्हिसा, परवानगी सगळं जुळूनही एक जागा चुकू शकते, ती अशी.

शहराला काय मिळतं?

हॉटेलं, गाड्या, स्थानिक मदतनीस यांना काही दिवसांचं काम मिळतं आणि शहराचं नाव घराघरांत जातं. म्हणूनच अनेक देश परदेशी चित्रीकरणाला आर्थिक सवलती देतात. भारतानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये, गोव्यातल्या इफ्फीमध्ये, परदेशी निर्मितीसाठीची सवलत खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. तिची कमाल मर्यादा ३० कोटी रुपये ठेवली.

पण पडद्यावर शहर कसं दिसेल, हे शहराच्या हातात नसतं. धोबीघाटावरचं काम तिथल्या लोकांसाठी रोजीरोटी आहे. शोमध्ये ते 'किती अवघड आहे बघा' असं आव्हान बनतं आणि स्पर्धक पुढच्या गाडीला धावतात. शोमधलं भारतीय शहर म्हणजे गर्दी, उकाडा आणि हॉर्न, असं चित्र त्यातूनच पक्कं होतं.

हे चित्र बदलण्याची थोडी संधी शहराला मिळते ती निवडीच्या वेळी. निर्मात्यांना स्थानिक, बघायला रंजक आणि दिवसभरात संपणारी कामं हवी असतात. छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घेतलं, तर हिमरूचं विणकाम आहे, दौलताबादच्या किल्ल्यातला अंधारी मार्ग आहे, जवळच पैठणचे पैठणी विणणारे कारागीर आहेत. या कामात हात घालणाऱ्या स्पर्धकाला कारागिराचं कसब पहिल्या पाच मिनिटांतच कळेल आणि ते प्रेक्षकालाही दिसेल.

अडचण आहे ती तिथे पोहोचण्याची. मोजक्या देशांतर्गत विमानांवर सगळ्या जोड्या न्यायच्या कशा? पण त्याचंही उत्तर या शोनेच दिलेलं आहे. चौथ्या पर्वात स्पर्धक मुंबईहून केरळला विमानाने नव्हे, रेल्वेने गेले होते. मुंबईहून संभाजीनगर त्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. प्रश्न उरतो तो दौलताबादच्या दारात कॅमेरा उभा करायची लेखी परवानगी ठरलेल्या तारखेला हातात पडेल का, एवढाच.