नेमाआधी निगा

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची पात्रता फेरी सुरू होती. एकोणीस वर्षांची मनू भाकर पहिल्या काही फैरींत उत्तम नेम साधत होती आणि देशाच्या आशा तिच्यावर खिळल्या होत्या. तेवढ्यात तिचे पिस्तूल बिघडले. पिस्तूल पुढच्या गोळीसाठी सज्ज करणारी कॉकिंग लिव्हर तुटल्याचे नंतर सांगण्यात आले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि वेळ वाढवून मिळाला नाही. ती परतली तेव्हा ४४ फैरी शिल्लक होत्या आणि हाती जेमतेम ३६ मिनिटे होती. तिने ५७५ गुण मिळवले आणि ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली.

त्यानंतर देशात जी चर्चा झाली ती आपल्या क्रीडासंस्कृतीविषयी बरेच काही सांगून जाणारी होती. मार्गदर्शकांचे मतभेद, खेळाडूंची मानसिक कणखरता, अपेक्षांचे ओझे, संघटनेतील राजकारण अशा सर्व विषयांवर रकानेच्या रकाने भरले. मात्र ज्या लहानशा धातूच्या भागाने त्या दिवशी दगा दिला, त्याच्याविषयी फार थोडे बोलले गेले. यंत्र आहे, बिघडणारच, असे म्हणून विषय संपला. पुढे २०२४ मध्ये पॅरिस येथे त्याच मनू भाकरने वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसह मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदके जिंकली आणि टोकियोची सल बरीचशी पुसली गेली. पण सल पुसली म्हणून धडाही पुसून टाकायचा काय, हा खरा प्रश्न आहे.

नेमबाजी म्हणजे डोळा आणि हात यांचा खेळ, अशी सर्वसामान्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हा खेळ मनुष्य आणि यंत्र यांच्या एकरूपतेचा आहे. १० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तुलाच्या पुढील आणि मागील साइटमध्ये तेहेतीस-चौतीस सेंटिमीटर अंतर धरले, तर साइटच्या रेषेत पाव मिलिमीटरची चूक लक्ष्यावर सात मिलिमीटरच्या आसपास जाऊन पोहोचते. म्हणजे दहाचा नेम नऊच्या उंबरठ्यावर येतो. पॅरिसच्या अंतिम फेरीत मनूचे रौप्यपदक एक दशांश गुणाने हुकले, हे आठवले म्हणजे या खेळात किती सूक्ष्म गोष्टींना किती मोल असते, हे ध्यानात येईल. सैल झालेला एक स्क्रू, झिजलेली एक रबरी चकती, नळीत साचलेला शिशाचा पातळ थर यांपैकी कोणतीही गोष्ट हा एक दशांश गुण हिरावून नेऊ शकते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे साधनांविषयीचे नियम अत्यंत काटेकोर आहेत. एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर व्यासाच्या छर्‍याचे असावे, त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. चाप ओढण्यासाठी किमान ५०० ग्रॅम भार लागलाच पाहिजे. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला हा भार १००० ग्रॅम आणि वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम आहे. स्पर्धेपूर्वी साधन तपासणी होते. नळी उभी धरून चापाला वजन टांगले जाते आणि पिस्तूल वर उचलले जाते. चापाने ते वजन पेलले पाहिजे. घरी बरोबर असलेला चाप वातावरणातील बदलाने, धुळीने किंवा स्प्रिंगच्या झिजेने चार-पाच ग्रॅमनी हलका झाला, तर वर्षाची तपश्चर्या तपासणीच्या मेजावरच अडते. त्यामुळे जाणता नेमबाज चापाचा भार मर्यादेच्या थोडा वरच ठेवतो आणि स्वतःचे वजनमाप जवळ बाळगतो.

आता निगेकडे वळू. आधुनिक एअर पिस्तूल दाबाखालील हवेवर चालते. त्याच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. या सिलिंडरला आयुष्य असते. साधारणतः दहा वर्षांची मुदत उत्पादक ठरवून देतात आणि मुदत उलटलेला सिलिंडर वापरणार नाही ही जबाबदारी नियमाने खेळाडूवरच टाकली आहे. हवा भरताना ती कोरडी असावी लागते, कारण ओलसर हवेने आतून गंज धरतो. भरण्याची क्रियाही सावकाश व्हावी लागते. सांध्यांतील रबरी ओ-रिंग काळानुसार कडक होतात, त्यांना तडे जातात आणि हवा गळू लागते. येथे एक प्राणघातक अज्ञान आढळते. यंत्र म्हटले की तेल घालायचे, ही आपली सवय आहे. परंतु उच्च दाबाच्या हवेशी साध्या खनिज तेलाचा संपर्क आला, तर पेट घेण्याचा धोका असतो. या भागांना उत्पादकाने सांगितलेलेच वंगण लागते आणि तेही नाममात्र.

.२२ पिस्तुलाची तऱ्हा निराळी. त्याच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीजचा थर असतो आणि बारुदाची काजळी खाचेत, एक्स्ट्रॅक्टरमध्ये आणि मॅगझीनच्या ओठांवर साचते. साफसफाई शक्यतो मागच्या बाजूने करावी लागते, कारण नळीच्या तोंडाची कड थोडीशी जरी खरवडली गेली, तरी गोळीची वाट बदलते. गोळी नसताना चाप ओढण्याचा सराव नेमबाजीचा पाया मानला जातो. पण .२२ पिस्तुलात तो मोकळ्या खोबणीवर केला, तर फायरिंग पिन खोबणीच्या कडेवर आपटून तिला खड्डा पाडू शकते. त्यासाठी नकली काडतूस किंवा पिस्तुलातील कोरड्या सरावाची सोय वापरावी लागते. एअर पिस्तुलांत अशी सोय बहुधा असतेच. ही शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवली गेली नाही, तर लाखमोलाचे शस्त्र दोन-तीन वर्षांत निकामी होते.

आणि मग येते मूठ. सामन्याच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. तळहाताच्या घडणीनुसार ती कानशीने घासून, भराव घालून जुळवावी लागते. मूठ जुळली नाही, तर मनगट प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात उभे राहते आणि मग साइट कितीही अचूक असली तरी व्यर्थ. लाकूड हवेतील आर्द्रता शोषते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात फुगलेली मूठ उन्हाळ्यात आटते. युरोपच्या कोरड्या थंड हवेसाठी बेतलेली वस्तू आपल्या हवामानात कशी वागते, याची नोंद ठेवणारा कारागीर आपल्याकडे हवा. तो कोठे आहे?

छर्‍यांची कथाही अशीच. चपट्या तोंडाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा हा शिशाचा तुकडा दिसायला क्षुल्लक. पण त्याच्या माथ्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, यावरून एका नळीतून तो एकाच भोकात जातो आणि दुसऱ्या नळीतून विखुरतो. म्हणून पिस्तूल शिकंज्यात आवळून निरनिराळ्या उत्पादन-तुकड्यांचे छर्रे झाडून पाहतात आणि जी तुकडी त्या नळीला मानवते तीच वर्षभरासाठी साठवतात. .२२ च्या काडतुसांचेही असेच. प्रगत नेमबाज राष्ट्रांत ही चाचणी नित्याची बाब आहे. आपल्याकडे जिल्हा पातळीवरचा मुलगा दुकानात जी डबी मिळेल तिच्यावर सराव करतो आणि चुकलेल्या गोळीचा दोष स्वतःच्या हाताला देतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. कीर्ती महाविद्यालयाच्या छात्रसेनेतून पुढे आलेल्या अंजली भागवत यांनी सिडनी २००० मध्ये अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणले. पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडासंकुल आणि पनवेल परिसरातील प्रशिक्षण केंद्रे आज देशभरातील खेळाडू घडवत आहेत. माणसे आपण घडवली. त्यांच्या हातातील साधन मात्र ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंडमधून येते. छर्रे तिकडूनच किंवा झेक प्रजासत्ताकातून, क्वचित चीनमधून येतात. बिघाड झाला की सुटा भाग तिकडूनच मागवायचा आणि दुरुस्ती तिकडच्या तंत्रज्ञाने करायची. विश्वचषक स्पर्धांच्या ठिकाणी उत्पादक आपले सेवा-कक्ष मांडतात. जो खेळाडू तेथवर पोहोचला, त्याची सोय झाली. जो अजून परभणीत किंवा रत्नागिरीत घाम गाळत आहे, त्याने काय करावे?

विरोधाभास असा की ज्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि ज्या राज्यात वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, त्या राज्यातील नेमबाज सामन्याची .२२ काडतुसे परदेशातून मागवतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. सैन्यासाठी लागणारी काडतुसे आणि सामन्यासाठी लागणारी काडतुसे यांतील अचूकतेची अपेक्षा वेगळी आहे, हे खरे. पण अवकाशात यान पाठवणाऱ्या देशाला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा एकसारखा ओतता येत नाही, हे कोणी गंभीरपणे म्हणेल काय? रायफल नेमबाजांची जाकिटे आणि सरावाच्या एअर रायफली आपल्या उद्योजकांनी करून दाखवल्या आहेत. उणीव कौशल्याची नाही. निश्चित मागणीची आणि धोरणाची आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हा श्रीमंतांचा खेळ आहे आणि सार्वजनिक पैसा त्यात का घालावा? सामन्याचे एक एअर पिस्तूल दीड-दोन लाख रुपयांच्या घरात जाते, हे नाकारता येत नाही. परंतु स्वप्नील कुसाळे हे ग्रामीण शिक्षकाचे पुत्र आणि पदक जिंकले तेव्हा ते रेल्वेचे तिकीट तपासनीस होते. खेळ श्रीमंतांचा राहिला आहे तो आयातीमुळे आणि निगेअभावी लवकर बाद होणाऱ्या साधनांमुळे. संस्थेच्या मालकीचे एक पिस्तूल नीट जपले, तर दहा-दहा मुले त्याच्यावर शिकून जातात. ते जपले नाही, तर पहिल्याच तुकडीनंतर ते कपाटात पडते. म्हणजे निगा हाच गरिबाच्या मुलाचा खरा अनुदान-निधी आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. शस्त्रे आणि त्यांची दुरुस्ती सर्वदूर पसरू देणे धोक्याचे नाही का? ही चिंता रास्त आहे आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने निर्मितीप्रमाणेच अग्निशस्त्रांच्या दुरुस्तीसही परवाना आवश्यक केला आहे आणि तो असलाच पाहिजे. मात्र परवान्याचा हेतू नियंत्रणाचा असतो, कौशल्य नामशेष करण्याचा नव्हे. नोंद असलेला, तपासणीखालील, प्रशिक्षित कारागीर ज्या ठिकाणी उपलब्ध आहे, तेथे चोरट्या दुरुस्तीला वाव उरत नाही. सुरक्षिततेचा युक्तिवादच खरे तर अधिकृत कारागिरांच्या बाजूने उभा राहतो.

मग करावे काय? सैन्यदलात आर्मोरर ही स्वतंत्र कारागिरी आहे. निवृत्त आर्मोरर गावोगावी आहेत आणि बहुतेकांच्या हाताला त्यांच्या विद्येला साजेसे काम नाही. त्यांच्या मदतीने राज्यातील एक-दोन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत क्रीडाशस्त्र निगेचा अभ्यासक्रम सुरू करता येईल. प्रत्येक विभागीय क्रीडासंकुलात एक परवानाधारक कार्यशाळा असावी. तेथे वजनमाप, शिकंजा, कोरड्या हवेचा कॉम्प्रेसर आणि झिजणाऱ्या सुट्या भागांचा साठा असावा. प्रत्येक संस्थात्मक पिस्तुलाची नोंदवही असावी. किती फैरी झाडल्या, कोणता भाग कधी बदलला, सिलिंडरची मुदत केव्हा संपते, हे तिच्यात लिहिलेले असावे. मोठ्या स्पर्धेस जाणाऱ्या संघासोबत वैद्यासारखाच शस्त्र-तंत्रज्ञ जावा आणि जुळवून ठेवलेले दुसरे पिस्तूल जावे. सरावसाधने व छर्रे यांची सरकारी खरेदी काही वर्षे देशी उत्पादकांकडून, मात्र गुणवत्तेची कठोर अट घालून व्हावी. यांपैकी एकही गोष्ट अवाढव्य खर्चाची नाही. हवी आहे ती सातत्याची सवय.

ही सवय आपल्याला परकी नाही. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे घासूनपुसून पूजण्याची रीत या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शिपायाने तलवार, शेतकऱ्याने नांगर, सुताराने रंधा पुढे ठेवावा आणि ज्याच्यावर आपला चरितार्थ आणि आपली अब्रू अवलंबून आहे त्याची निगा राखावी, हा त्यामागचा व्यवहारी विचार आहे. काळाच्या ओघात हळद-कुंकू राहिले आणि घासणेपुसणे मागे पडले. पूजा वर्षातून एकदा पुरते, निगा रोज लागते. नव्या पिढीच्या हाती पिस्तूल देताना तिला नेम धरायला शिकवण्याआधी ते उघडायला, पुसायला आणि पुन्हा जोडायला शिकवले, तर पदकांची संख्या वाढेल की नाही हे काळ ठरवील. पण एखाद्या खेळाडूची वर्षानुवर्षांची तपश्चर्या एका तुटलेल्या लिव्हरपाशी संपण्याची वेळ मात्र क्वचितच येईल.