औषधाच्या वेळा, प्रार्थनेच्या वेळा

मोसमकाठच्या नामपूरहून गंभीर रुग्णाला मालेगावला, नाहीतर थेट नाशिकला न्यावे लागते. तो दवाखान्यात असेपर्यंत मंडळी धावून येते, प्रार्थना होतात. खरी कसोटी घरी आणल्यावर लागते. रुग्ण चिडतो, जेवत नाही, उसनवारी फेडायची असते आणि ‘देवाने वाचवले’ म्हणणारे आपापल्या कांदालावणीला लागतात. अशा वेळी शुश्रूषा करणाऱ्या बाईला प्रार्थनेत शब्द सुचले नाहीत, तर तिचा विश्वास उणा ठरवू नये. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत देवाकडे गाऱ्हाणी मांडणारी स्तोत्रे काय थोडी आहेत?

औषध सोडून विश्वास सिद्ध करा, हा सल्ला मात्र आम्हाला साफ अमान्य आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. याकोबाचे पत्र आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगते. वैद्याला टाळा, असे सांगत नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, ते मिशनचे काम म्हणूनच.

वाचकहो, अशा घरी जाल तेव्हा साक्ष ऐकायचा आग्रह धरू नका. डबा न्या, आणि जमल्यास रात्रीच्या जागरणाची एक पाळी घ्या.