बर्फावरची गाडी

कॅनडांतील आमच्या पुतण्यानें विचारलें आहे, “जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाईल विकून फोर-स्ट्रोक घ्यावी काय?”

टू-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्याच्या २ खेपांस एक स्फोट होतो व पेट्रोलाबरोबर तेलही जळतें. आपल्याकडील जुन्या स्कूटरी अशाच धूर ओकीत. फोर-स्ट्रोकमध्यें ४ खेपांस एक स्फोट, आणि तेल निराळें. म्हणून धूर, आवाज व पेट्रोलाचा खर्च कमी. अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यानाच्या २००४ सालच्या नियमांनीं कमी धुराच्या व कमी आवाजाच्या गाड्यांसच प्रवेश दिला, तेव्हां तेथें बहुतेक फोर-स्ट्रोकच आल्या.

परंतु तिचें वजन अधिक. मळलेल्या वाटेवर तें जाणवत नाहीं. खोल, भुसभुशीत बर्फांत मात्र गाडी रुतते, व ती हातांनीं उपसून काढावी लागते. चिरंजीव रानांतून एकटेच हिंडतात, हें त्यांनीं पत्राच्या शेवटीं सहज लिहिलें आहे. आमच्या मतें खरा प्रश्न तेथेंच आहे. नेहमीची वाट मळलेली असेल तर फोर-स्ट्रोक अवश्य घ्यावी. वाट सोडून जाणें असेल तर गाडी कोणतीही असो, आधीं सोबती शोधावा.

हें उत्तर आम्हीं त्याच्या मातोश्रींसही वाचून दाखविलें. त्यांना इंजिनाचें कांहीं कळलें नाहीं. सोबत्याचें तेवढें कळलें.