राहिलेले शेजारी

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, ते खर्चाच्या आणि दगदगीच्या अनुभवावरून. जॉन पेग या कृष्णवर्णीय वकिलांच्या वाट्याला मात्र त्याहून भयंकर अनुभव आला. अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराला लागून शेकर हाइट्स हे संपन्न उपनगर आहे. तेथील लडलो या वस्तीत त्यांचे घर बांधून होत होते. जानेवारी १९५६ मध्ये त्या घराच्या गॅरेजमध्ये बॉम्बस्फोट झाला.

अशा प्रसंगी शेजारी सहसा दारे लावून घेतात. लडलोतील काही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती उघडली. ही मंडळी एकमेकांच्या दिवाणखान्यांत जमू लागली आणि त्या बैठकींतूनच १९५७ साली ‘लडलो कम्युनिटी असोसिएशन’ उभी राहिली.

त्यांना झगडायचे होते ते केवळ बॉम्ब ठेवणाऱ्याशी नव्हे. वर्ण पाहून घर नाकारण्याचे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला होता. कागदावरची अट अशी लुळी पडली, तरी मनातली भीती उरली आणि त्या भीतीवर पोट भरणारे दलालही उरले. वस्तीत एक कृष्णवर्णीय कुटुंब आले, की दलाल गोऱ्या घरमालकांना सांगत, ‘आता भाव कोसळणार, वेळीच विका.’ घाबरलेल्यांकडून स्वस्तात घेतलेली घरे कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकली जात. अशा वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकाला दलाल ते दाखवीत नसत आणि बँकाही कर्ज देताना हात आखडता घेत.

संघटनेने यावर जो उपाय योजला, तो अगदी घरगुती म्हणावा असा होता. सभासद स्वतःच येणाऱ्यांना घरे दाखवू लागले. पैसा उभा करून, खरेदीला कमी पडणारी रक्कम कर्जाऊ देण्याची सोयही त्यांनी केली. शेजारच्या वस्त्यांनीही पुढे हाच मार्ग धरला. १९६७ मध्ये संपूर्ण उपनगरासाठी गृहकार्यालय निघाले. विक्रीत आणि भाड्यात वर्णभेद करण्यास देशभर मनाई करणारा कायदा त्यानंतरचा, म्हणजे १९६८ चा.

या कथेत एक सल आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. वस्ती मिश्र राहावी म्हणून गोऱ्या गिऱ्हाइकांची मनधरणी झाली आणि कर्जही त्यांच्यासाठीच होते. ज्यांना घराची निकड अधिक आणि ज्यांच्यापुढे पर्याय कमी, त्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ही मदत आली नाही. हा समतोल कोणाच्या जिवावर, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १९८६ मध्ये उपनगरात नवा कर्जनिधी स्थापन झाला. त्यातून, ज्या भागात आपल्या वर्णाची माणसे थोडी आहेत तेथे जाऊन राहणाऱ्या दोन्ही वर्णांच्या कुटुंबांना साहाय्य मिळू लागले. उत्तर पूर्ण नव्हते. पण तीस वर्षांच्या वादातून माणसे थोडे शिकली होती.

वाचकहो, परप्रांतात घर शोधताना भाड्याआधी आडनाव विचारले गेल्याचे आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. मात्र पुढे स्वतःचे घर झाल्यावर, भाडेकरूला तोच प्रश्न आपणही विचारला नाही ना, हेही एकदा आठवून पाहावे.